खिशातील दुर्बीण पारखताना

केज तालुक्यात धनेगावाजवळ मांजरेच्या जलाशयावर हिवाळ्यात उतरणारे चक्रवाक जवळून न्याहाळावेत, या इच्छेने जो कोणी खिशात मावणारी दुर्बीण घ्यायला निघतो, त्याची नजर प्रथम तिच्या अंगावर छापलेल्या आकड्यांवर जाते, आणि फसगतीचा आरंभ बहुधा तेथेच होतो. एका दुकानातून माझ्या हाती आलेल्या दुर्बिणीवर ‘३०×६०’ असे ठळक छापले होते. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल हे सांगतो, दुसरा पुढल्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. परंतु पट्टी लावून पाहता ते भिंग जेमतेम २२ मिलिमीटर भरले. मग दुर्बीण हातभर दूर, उजळ आकाशासमोर धरून, डोळ्याच्या भिंगात दिसणारी प्रकाशाची टिकली मोजली. ती सुमारे ४ मिलिमीटरची होती. बावीसला चाराने भागले की खरी शक्ती निघते : साडेपाच पट!

याहून मोठे दुःख रंगाचे. तिच्या पुढल्या भिंगावर माणकासारखी लाल झाक होती, जिच्यावर गिऱ्हाईक भुलते. पण जो तांबडा प्रकाश भिंगावरून परत फिरला, तो डोळ्यापर्यंत पोहोचावा कसा? चक्रवाकाचे नारिंगी अंग तिच्यातून मळकट, हिरवट दिसे. त्याच काठावर एका स्नेह्याची साधी ८×२५ दुर्बीण डोळ्यांना लावली, तेव्हा तोच पक्षी आपल्या रंगाने उजळला. फिकट मस्तक वेगळे उठून दिसले, आणि नराच्या गळ्याभोवतीची काळी रेघसुद्धा. तिच्या भिंगांवर मंद हिरवी-जांभळी झाक होती. परावर्तन रोखणारा असा लेप १९३५ साली येना येथील झाइस कारखान्यात स्माकुला यांनी सिद्ध केला. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर शेकडा चार भाग प्रकाश परततो, आणि असे दहा पृष्ठभाग ओलांडताना तृतीयांश प्रकाश खर्ची पडतो.

म्हणून दुर्बीण दुकानाच्या दिव्याखाली न पाहता रस्त्यावर आणावी, शक्यतो दिवेलागणीच्या सुमारास, आणि दोन नमुने आळीपाळीने एकाच वस्तूवर रोखावेत. उजळ आभाळासमोरच्या काळ्या फांदीच्या कडेला जांभळी किनार किती उमटते, ते पाहावे. प्रकाशाची टिकली ८×२५ मध्ये सुमारे ३ मिलिमीटरची, तर १०×२५ मध्ये अडीचची असते. सांजवेळी बाहुली विस्फारते, तेव्हा दहापटीचे चित्र अंधारे पडते, शिवाय हातही अधिक थरथरल्यासारखा भासतो. एवढ्याशा दुर्बिणीत मी आठ पटीलाच कौल देईन.

दोन्ही नळ्यांचा मेळ पाहण्यास विजेची दूरची तार पुरते : डोळे मिटून उघडताच ती क्षणभर दुहेरी दिसली, तर दुर्बीण तिथेच परत करावी, तासाभराने कपाळ ठणकू लागते ते याच दोषामुळे. चष्मेवाल्यांनी चष्म्यासकटच पाहावे, आणि सबंध वर्तुळ नजरेत येत नसेल तर दुसरा नमुना मागावा.