सगळ्यांच्या हाताला काम

आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात सणांच्या आगेमागे रविवारी घरंच्या घरं येतात. गणपतीआधी शाडूची मूर्ती, नवरात्रात भोंडला, दिवाळीआधी कंदील. बरीच वर्षं तिथे स्वयंसेवक म्हणून राबतोय. नव्याने नाव देणाऱ्यांना जे सांगतो, ते असं.

१. भिंतीलगत खुर्च्या मांडू नका. खुर्ची दिसली की बाबा बसतात आणि बसले की मोबाइल निघतो. सतरंज्या अंथरा. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी खुर्च्या लागतातच, त्या मधोमध ठेवा.

२. सामान माणशी नको, घरटी द्या. शाडूचा एक गोळा, एक पाट, पाण्याची एक वाटी. मुलांना वेगवेगळे गोळे दिले की आईबाप मागे उभे राहून नुसत्या सूचना देतात. गोळा एकच असला की कामं वाटली जातात: धाकटी उंदीर वळते, आई सोंड, आजोबा पाट फिरवत ‘पोट अजून हवं’ म्हणतात. माती आदल्या रात्री भिजवून ठेवा. सोंड आणि हात जोडताना दोन्हीकडे काडीने चरे पाडून पातळ माती लावायची, नाहीतर वाळल्यावर सोंड हातात येते. मूर्ती सावलीत वाळवा, उन्हात तडे जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींना नकार दिला, पण नदीत ओतलेल्या शाडूचाही गाळ होतोच. म्हणून आम्ही रंग देत नाही आणि विसर्जन घरी बादलीत करायला सांगतो. तळाशी बसलेली माती लोक वाळवून आणून देतात, पुढच्या वर्षी तीच मळतो.

३. नंबर काढू नका. बक्षीस लागलं की कंदिलाच्या कामट्या बाबा बांधतात, कागद आई चिकटवते आणि पोरगं खळीची वाटी धरून उभं राहतं. वाकडे कंदील टांगा की खुशाल!

४. भोंडल्याला पुरुषांना दाराबाहेर ताटकळत ठेवू नका. पाटावर हत्ती काढायचं काम त्यांना द्या. आमच्याकडच्या बऱ्याच आयांना गाणी दोन कडव्यांपलीकडे येत नाहीत, तेव्हा पाठ असलेल्या एखाद्या आजींना आठवडाभर आधी जाऊन सांगून या. त्यांना फोनवर निरोप पाठवलेला आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. खिरापत मात्र सगळ्यांनी ओळखायची. डबा कानाशी हलवून ‘वाजतंय, चिवडाच!’ असं आजोबा लोकच जास्त ओरडतात.

५. वेळ संपली की गर्दी मिनिटांत पांगते. सतरंज्या झटकायला, वाळलेली माती खरवडायला आणि किल्ली परत द्यायला माणसं आधीच ठरवा.

तुमच्या भागात असं काही चालत असेल तर जरूर नाव द्या. माइक धरायला माणसं भरपूर आहेत, झाडू धरायला कमी पडतात.