हातमोजा घेताना फुंकर मारून बघ

हे बघ माय, सायकल घेतलीस, हेल्मेट घेतलंस, आता पहाटे पहाटे मांजरसुंब्याच्या घाटाला जायचं म्हणतेस. जा, खुशाल जा. पण हातमोज्यांचं तेवढं मला विचारून घे. पाय फिरत असतात म्हणून त्यांना ऊब येते, छाती दमून तापते. हात मात्र हँडलवर नुसते धरलेले, जागचे हलत नाहीत आणि वाऱ्याच्या थेट तोंडी. सायकलवाल्याला हीव शिरतं ते बोटांतून. मी पोस्टात होतो, पाटोद्याकडच्या वाड्यावस्त्यांवर सायकलनं टपाल वाटलं. मनिऑर्डरीचे पैसे मोजून द्यायचे, कुणाचा अंगठा घ्यायचा, कुणाची सही घ्यायची; गारठलेल्या बोटांनी दहाच्या दोन नोटा एकमेकींपासून सुटत नाहीत. त्यामुळे या विषयात माझं डोकं दुकानदारापेक्षा थोडं जास्त चालतं.

बीडच्या सुभाष रोडला गेलीस की दुकानदार सगळ्यात जाड मोजा पुढे करील. तो बाजूला ठेव. जो मोजा घ्यायचा मनात असेल त्याची पाठ, म्हणजे बोटांच्या वरची बाजू, तोंडाला घट्ट लाव आणि जोरात फुंक. दुसरा हात आत घालून ठेवलेला असू दे. त्या हाताला फुंकर लागली तर मोजा शेकोटीजवळ बसून गप्पा मारायला चांगला, सायकलला नाही. ऊब लोकरीची नसते, लोकरीत अडकून बसलेल्या हवेची असते. वारा आत घुसला की ती हवा निघून जाते, मग वीण कितीही जाड असो.

आपल्याकडे थंडी असते तरी किती? डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास, एखाद्या लाटेत त्याच्याही खाली. अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी २००१ साली वाऱ्याच्या गारठ्याचं एक कोष्टक ठरवलं. त्यात १० अंशांना ताशी २५ किलोमीटरचा वारा धरला तर अंगाला ७ अंशांसारखं लागतं, ४० च्या वाऱ्यात ६ सारखं. वारा पडलेला असला तरी सायकलवर हा वारा तू स्वतःच तयार करतेस. यातून दोन गोष्टी समजून घे. एक, तुझं भांडण पाऱ्याशी नाही, वाऱ्याशी आहे. दुसरी, आपल्याकडे पाणी गोठत नाही, तेव्हा बर्फात घालायचे हजारोंचे मोजे तुला नकोत. शिवाय नऊ वाजले की ऊन चटका देतं. पहाटे लागणारा जाड मोजा तेव्हा हातात नकोसा होतो आणि खिशात मावत नाही. म्हणून एक जाड घेण्यापेक्षा एकावर एक घालायचे दोन पातळ बरे.

मोटारसायकलचे मोजे स्वस्त दिसतात, पण तुझ्या सायकलला ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत आहेत. जाड बोटानं एक दाबायला जाशील आणि दुसरंच दबेल. दुकानातच मोजा घाल आणि काउंटरवर पडलेलं रुपयाचं नाणं उचलून बघ. उचललं गेलं तर गिअर बदलता येईल.

हार्डवेअरच्या दुकानात तळव्याला रबर लावलेले विणीचे मोजे मिळतात, फरशी-विटा उचलायला वापरतात ते. ते कितीतरी पोरं सायकलला घालतात. रबराची पकड झकास, पण रबर तळव्याला आणि वारा येतो पाठीवर. उलटी गंमत. तरी मी ते नावडते म्हणणार नाही, कारण आतला मोजा म्हणून ते फार कामाचे आहेत. तुझ्या हाताला रबर टोचत असेल तर पातळ लोकरीचा घे. हिवाळा लागला की मोठ्या शहरांत तिबेटी लोक स्वेटरचे स्टॉल मांडतात, माल बहुतेक लुधियानाचा असतो. संभाजीनगरला किंवा पुण्याला कुणी जाणार असेल तर त्याला सांग. निव्वळ सुती मोजा मात्र घेऊ नकोस. चढाला तो घामानं भिजतो आणि उताराला तेच पाणी गार पडतं.

आता वरचा मोजा. हा विकत घ्यायचाच नाही, शिंप्याकडून शिवून घ्यायचा. घरात कुणाचं तरी जुनं विंडचिटर नाहीतर फाटलेला रेनकोट असतोच. कागदावर हात ठेवून पेन्सिलीनं आकार काढ, पण पाच बोटांचा नाही. अंगठा वेगळा, तर्जनी आणि मधलं बोट एका घरात, अनामिका आणि करंगळी दुसऱ्या घरात. खेकड्याच्या नांगीसारखं दिसेल, दिसू दे. जवळजवळ बसलेली बोटं एकमेकांना ऊब देतात आणि पुढची दोन मोकळी असल्यानं ब्रेक नीट ओढता येतो. शिंप्यालाही सोपं, त्याला पाच बोटांच्या फटी शिवायला लावलंस तर तो दुप्पट पैसे मागेल आणि शिवण बोटाला टोचेल ती वेगळीच. आकाराच्या बाहेर सगळीकडून बोटभर जागा सोडायला सांग. पाठीला रेनकोटचं कापड, पण तळव्याला नको, ते हँडलवरून घसरतं. तळव्याला जुन्या जीनचा तुकडा लावायचा, म्हणजे पकडही राहते आणि घामाची वाफही बाहेर पडते. मनगटाला इलॅस्टिक, आणि मोजा इतका लांब की शर्टाच्या बाहीवर चार बोटं चढला पाहिजे. घडी घातली की हा मोजा रुमालाएवढा होतो, पाठीमागच्या खिशात जातो. सगळं मिळून पाचशेच्या आत बसवायचं. त्याच्या वर जात असेल तर शिंपी बदल.

घट्ट मोजा कधी घालू नकोस. तुम्हा पोरींना सगळं अंगाला बसणारं लागतं. मूठ आवळल्यावर बोटांच्या टोकांना ताण जाणवला तर रक्त तिथं पोचायला अडतं, आणि मग आत लोकर असो की रेशीम, हात गारच. ऑनलाइन मागवायचा असेल तर अंगठा सोडून बोटांच्या मुळांशी तळव्याभोवती टेप फिरव, ते माप घे, आणि दोन मापांच्या मध्ये आलीस तर मोठं निवड.

मनगट लोक विसरतात. तिथं रक्ताच्या नळ्या कातडीच्या अगदी जवळून जातात, बाही आणि मोज्याच्या मधली उघडी फट सगळा हात गार करते. जुन्या लोकरी सॉक्सची टाच आणि पंजा कापून टाक, राहिलेली नळी मनगटावर चढव. झाली मनगटी, फुकट. तसंच छातीचं. छाती गार पडली की शरीर आधी आतल्या अवयवांकडे रक्त वळवतं, बोटांना शेवटी विचारतं. युरोपातले शर्यतीचे सायकलवाले डोंगर उतरताना जर्सीच्या आत वर्तमानपत्र सरकवायचे. टपालवाल्याला ते शिकवावं लागलं नाही. घडी न मोडता एक पेपर शर्टाच्या आत, पोटापासून गळ्यापर्यंत, एवढं केलं तरी हात हलके होतात.

आता घाटाचं सांगतो. बीडहून निघालीस की पालीच्या पुढे चढ लागतो. तिथं वरचा मोजा काढ, खिशात घाल. गरम होतंय म्हणून नुसती जाकिटाची चेन उघडशील आणि आत घाम साठवशील, ते नको. वर मांजरसुंब्याला चहा पी, पण निघायच्या आधी, हात ग्लासानं गरम असतानाच दोन्ही मोजे चढव. गार झालेले हात मोज्यात घालून उपयोग नाही, मोजा ऊब तयार करत नाही, असलेली राखतो. खरी परीक्षा परतीच्या उताराला आहे. पाय थांबलेले, वेग वाढलेला, बोटं ब्रेकवर ताणलेली आणि खालून ट्रक येतायत. बधिर बोटांना ब्रेक किती दाबला ते कळत नाही. तसं झालं तर थांब, हात काखेत धर. शेकोटी दिसली तरी बधिर हात जाळावर धरू नकोस. चटका बसतो आणि फोड आल्यावरच कळतं.

एक मात्र ओळखायला शीक. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटालाच मुंग्या येत असतील, आणि ते उन्हाळ्यातही होत असेल, तर तो गारठा नव्हे. तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूनं एक शीर जाते, ती हँडलवर दाबली जाते. त्याला मोजा बदलून फार फरक पडत नाही. हाताची जागा बदलत राहा, कोपर किंचित वाकवून धर, सीट-हँडलची उंची जाणत्या माणसाकडून तपासून घे. आणि थंडीत बोटं पांढरीफटक, मग निळी पडत असतील तर डॉक्टरला दाखव, तिथं माझा कानमंत्र चालत नाही. हाताला तेल, व्हॅसलीन चोळ म्हणून आजी सांगेल. चोळ, कातडी फुटणार नाही. ऊब त्यानं येत नाही, पण हे आजीला सांगू नकोस.

मोज्याच्या पाठीवर रेडियमची पट्टी लावून घे. हा खर्च वाचवायचा नाही. हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून अंधारात चाललेले असतात, मागं दिवा असेलच असं नाही. त्यांना वळसा घालताना तू हात दाखवतेस तो मागच्या गाडीला दिसला पाहिजे, काळ्या मोज्यातला हात पहाटे दिसत नाही.

मोजे धुताना कोमट पाणी, पिळायचे नाहीत, उलटे करून सावलीत वाळवायचे. खरेदी संक्रांतीनंतर केलीस तर लोकरीचा माल दुकानदार पडेल भावात काढतो, पुढच्या वर्षाचा तेव्हाच घेऊन ठेव. शिंप्याकडे मात्र दिवाळीआधी जाऊ नकोस, तो तुला दारातही उभं करणार नाही. दिवाळी झाली की कपिलधारच्या यात्रेच्या आत त्याला गाठ. तुळशीची लग्नं आटोपली की लग्नसराईचे ब्लाउज येऊन पडतात, मग तुझे मोजे मार्चमध्ये मिळतील.