गोपगिरीची दैवते व मांढऱ्यांची माता

आपल्या दैवतांना उंच स्थान प्रिय आहे. वणीची सप्तशृंगी, जेजुरीचा खंडेराय, प्रतापगडची भवानी ही सारी गिरिवासी दैवते होत. शिंदे घराण्याचे कुलदैवत जो जोतिबा, तोही कोल्हापूरनजीकच्या डोंगरावर राहतो. त्याचे सध्याचे देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधविले. तेव्हा देशावरून उत्तरेत आलेल्या आपल्या पूर्वजांना ग्वाल्हेरीस येताच गड आणि टेकड्या दिसल्या, त्या वेळी हे स्थान त्यांस परके वाटले नसावे. प्रस्तुत लेखात या भूमीवरील गिरिस्थानांच्या आख्यायिका व उपासना यांचा थोडा विचार करावयाचा आहे. देव डोंगरावर असला तरी त्याची पूजा कोणाच्या बळावर चालते, हा प्रश्न वाचकांनी सर्वकाळ मनात ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

१. ग्वालिपा ऋषींची कथा

ग्वाल्हेरच्या गडाची कथा आपल्या घरांतील मुलांसही पाठ असते. सूरजसेन नावाचा एक राजा कुष्ठाने पीडित होता. मृगयेस गेला असता तो तहानेने व्याकूळ होऊन या डोंगरावर आला. येथे ग्वालिपा नावाचे तपस्वी राहत असत. त्यांनी कुंडातील पाणी दिले, ते प्राशन करताच राजाचा रोग नाहीसा झाला. ऋषींच्या आज्ञेवरून राजाने कुंड विस्तृत केले व गड बांधला. तेच सूरजकुंड. तुझे वंशज जोवर 'पाल' ही उपाधी धारण करतील तोवर राज्य टिकेल, असे ऋषी म्हणाले. पुढे ८३ पाल राजे झाले. चौऱ्याऐंशीवा तेजकर्ण याने ते नाव टाकले आणि गड गमावला.

या कथेकडे दोन प्रकारे पाहता येते. कोणी तिला अक्षरशः इतिहास मानतात. कोणी ती केवळ कल्पित म्हणून सोडून देतात. आमच्या मते दोन्ही मार्ग उतावळेपणाचे आहेत. सूरजकुंडाजवळ एक शिलालेख सापडला आहे. तो हूण राजा मिहिरकुल याच्या राज्याच्या पंधराव्या वर्षाचा, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. मातृचेट नावाच्या गृहस्थाने आपल्या मातापित्यांच्या व स्वतःच्या पुण्यवृद्धीसाठी या 'गोप' नामक पर्वतावर सूर्याचे पाषाणमंदिर बांधले, असे त्यात नमूद आहे. म्हणजे डोंगराचे नाव तेव्हाच गोपगिरी होते, आणि येथील सर्वांत जुनी ज्ञात उपासना सूर्याची होती. आता कथेकडे पुन्हा पाहावे. राजाचे नाव सूरज, कुंडाचे नाव सूरज, ऋषीचे नाव गोपालाचेच रूप. सूर्याचे ते देऊळ काळाच्या ओघात गेले, परंतु लोकांच्या मुखातील कथेने त्याची खूण जतन केली, असे अनुमान करावयास जागा आहे. आख्यायिका सनावळी विसरते, स्थान मात्र सहसा विसरत नाही.

२. दोनशे सत्तर हात बाग

गडाच्या पूर्वेकडील चढावर, एकाच खडकात कोरलेले एक लहानसे चतुर्भुज विष्णूचे देऊळ आहे. प्रतीहार सम्राट मिहिर भोज याच्या काळी गडाचा रक्षक असलेल्या अल्ल नामक अधिकाऱ्याने ते करविले. आपला पिता वाइल्लभट्ट याचे नाव त्याने दैवतास दिले. तेथील संवत् ९३३ म्हणजे इ. स. ८७६ च्या लेखात शून्याचे चिन्ह कोरलेले असल्याने गणिताचे अभ्यासक देशोदेशींहून ते पाहण्यास येतात. परंतु ते शून्य कोणत्या आकड्यांत आले आहे, याचा विचार क्वचितच कोणी करतो. आपल्या दृष्टीने महत्त्व त्यालाच आहे.

लेखात पूजेची तजवीज सांगितली आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद अशी जमीन दिली आहे. हात दीड फुटाचा धरला तर ही जागा अडीच एकरांहून थोडी अधिक भरते. डोंगरावर राहणाऱ्या माळ्यांनी ५० माळांचा भार आपल्यावर घेतला आहे. तेल्यांच्या प्रमुखांनी दर शुक्ल नवमीस प्रत्येक घाण्यामागे ठरावीक माप तेल दिव्यासाठी देण्याचे मान्य केले आहे. अल्लाने नदीपलीकडे नवदुर्गांचेही देऊळ उभारले होते. हे दान त्या देवींसाठी आणि विष्णूसाठी आहे. आणि जमीन देणारा राजा नव्हे. ती संबंध नगराने दिली आहे.

ज्या शून्याची कीर्ती जगभर झाली ते फुलांच्या बागेच्या मापात आणि माळांच्या संख्येत आले आहे, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. देऊळ अल्लाने बांधले खरे, पण त्याला ठाऊक होते की दगड देवास उपाशी ठेवतो. नैवेद्य, फूल आणि दिवा ही रोजची गोष्ट आहे; ती रोज कष्टणाऱ्या हातांकडेच सोपविली पाहिजे.

याच गडावर इ. स. १०९३ च्या सुमारास राजा महीपाल याने पूर्णत्वास नेलेले विष्णूचे भव्य मंदिर आहे. त्यास आज आपण सासबहूचे देऊळ म्हणतो. त्या मंदिरातील दीर्घ लेखात ब्राह्मणांच्या नेमणुका, देवाचे अलंकार आणि पूजेची उपकरणे यांचा मोठा तपशील आहे. कोरीव काम पाहून आजही डोळे दिपतात. परंतु गाभाऱ्यात मूर्ती नाही, आणि पूजाही नाही. राजांची सत्ता गेली, गडावर स्वाऱ्या झाल्या, आणि त्यांच्या दानावर उभी राहिलेली व्यवस्था लोपली. वास्तू उरली, देवालय उरले नाही.

३. मांढऱ्यांची माता

आता आपल्या अधिक ओळखीच्या टेकडीकडे वळू. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली गडाच्या दक्षिणेस पडली आणि त्या छावणीचेच 'लष्कर' हे शहर झाले. शिंद्यांच्या कवायती फौजेस त्या काळी कंपू म्हणत. ते नाव शहरातील एका भागास अद्याप चिकटून आहे. त्या कंपू भागातील टेकडीवर अष्टभुजा महिषासुरमर्दिनी महाकालीचे देऊळ आहे. शहरात त्यास 'मांढरे की माता' म्हणतात.

हे देऊळ महाराज जयाजीराव शिंदे यांच्या कारकीर्दीतील होय. जयाजीराव १८४३ साली गादीवर आले व १८८६ साली निवर्तले. त्यांच्या फौजेत आनंदराव मांढरे नावाचे सरदार होते. हे घराणे मूळचे सातारा प्रांतीचे, असे सांगतात. आडनावातच मांढर गावाची खूण आहे. वाई तालुक्यात सुमारे ४,६५० फूट उंचीवर मांढरदेव म्हणून जे स्थान प्रसिद्ध आहे, तेथे काळूबाई राहते. लाख्यासुर दैत्याचा तिने पौष पौर्णिमेच्या रात्री वध केला, अशी तेथील कथा. त्याच दिवशी तिची यात्रा भरते. शिंद्यांचे मूळ गाव कण्हेरखेड हेही सातारा जिल्ह्यातलेच. देशीच्या डोंगरावरील देवीची ओढ घेऊन आलेल्या सेवकाने आपल्या धन्यास देवीचा निरोप सांगितला आणि धन्याने टेकडीवर देऊळ उभे केले, असे या स्थानाच्या आख्यायिकेचे सार आहे. देवीने आनंदरावांस स्वप्नात दृष्टांत दिला, असेही श्रद्धाळू जन सांगतात.

दुसरी आख्यायिका राजवाड्याशी निगडित आहे. जयविलास महाल १८७४ साली बांधून झाला. देऊळ आणि महाल यांची तोंडे समोरासमोर असून, महाराज सकाळी महालातूनच दुर्बिणीने देवीचे दर्शन घेत, असे म्हणतात. या कथेतील मर्म दुर्बिणीत नाही. ज्याला रोज टेकडी चढणे शक्य नाही त्यानेही दिवसाचा आरंभ देवीकडे तोंड करून करावा, हा तिचा अर्थ आहे. तो अर्थ महालात राहणाऱ्यास जितका लागू, तितकाच दोन खोल्यांत राहणाऱ्यासही लागू आहे.

ग्वाल्हेर संस्थान १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. तरीही या टेकडीवरील दिवा विझला नाही. पूजेचा मान मांढरे घराण्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आला, आणि चैत्र व आश्विन या दोन्ही नवरात्रांत शहरातील सर्व जातींची, सर्व भाषांची माणसे पायऱ्या चढत राहिली. मराठी घरची सुवासीण ओटी घेऊन येते, तिच्याच शेजारी बुंदेली बोलणारी माउली चुनरी घेऊन उभी असते. सासबहूच्या देवळात जे घडले ते येथे का घडले नाही, याचे उत्तर आमच्या मते हेच आहे: येथे राजाश्रय होता, पण पूजा केवळ त्यावर अवलंबून राहिली नाही. एका घराण्याने तिला कर्तव्य मानले आणि हजारो घरांनी तिला आपला नेम मानले.

४. शमीचे सोने

विजयादशमीस सायंकाळी या टेकडीजवळच्या मैदानात शमीपूजन होते. शिंदे घराण्यातील प्रमुख पुरुष परंपरागत वेषात येऊन शमीची पूजा करतो व तलवारीने तिच्या फांदीस स्पर्श करतो. त्यानंतर जमलेले लोक पाने लुटतात आणि 'सोने' म्हणून एकमेकांस देतात. देशावर सोने आपट्याचे. येथे ते शमीचे. आपल्या घरांनी हा भेद सहज स्वीकारला, हे योग्यच झाले.

या चालीमागे दोन कथा आहेत. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे विराटनगराबाहेर शमीवर ठेवली होती, ही पहिली. दुसरी कथा रघुराजाची. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्ण मागण्यास आला. रघूने विश्वजित् यज्ञात सर्वस्व दिलेले होते. तेव्हा तो कुबेरावर स्वारीस सिद्ध झाला आणि कुबेराने सुवर्णवृष्टी केली. लोककथेत ही वृष्टी वृक्षावर झाली. कौत्साने लागेल तेवढेच घेतले. उरलेले राजानेही परत घेतले नाही, ते लोकांनी नेले. म्हणजे हे सोने मुळात न हावरेपणाचे सोने आहे.

मग त्या पानांसाठी फांद्या ओरबाडणे, एकमेकांस ढकलणे हे कोणत्या शास्त्रात बसते? लूट हा शब्द विनोदाचा आहे, तो शब्दशः घ्यावयाचा नाही. गर्दीत भक्तीस शिस्त नसली म्हणजे काय होते, हे २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवच्याच यात्रेत दिसले. चेंगराचेंगरीत व आगीत २९० हून अधिक भाविकांनी प्राण गमावले. त्या डोंगराचे नाव आपल्या टेकडीवरील देवीशी जोडलेले आहे. म्हणून ते दुःख आपणांस परके मानता येणार नाही. एक पान घरी नेले तरी सोने पुरते. लहान मुलाचा हात धरून, म्हाताऱ्या माणसास पुढे वाट देऊन जो खाली उतरला, त्याचे सीमोल्लंघन झाले असे समजावे.

५. आपला भाग

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी इंदूर, पुणे, दिल्ली येथे आणि परदेशी जात आहेत. ते साहजिक आहे. आपले पूर्वजही असेच गाव सोडून आले होते. चिंता निराळीच आहे. घटावर रोज चढती माळ कशी बांधावी, नंदादीपास तेल केव्हा घालावे, बोडण, गोंधळ, जोगवा यांचा कुलाचार कोणता, हे घरातील एकाच वृद्ध स्त्रीस ठाऊक असते आणि ती गेली की घराचा तो अध्याय मिटतो. कथा पुस्तकात सापडतात. घरचा नेम पुस्तकात सापडत नाही.

अकराशे वर्षांपूर्वीच्या माळ्यांनी व तेल्यांनी याच नगरीत मार्ग दाखविला आहे. त्यांनी मोठे देऊळ बांधण्याचा संकल्प केला नाही. फूल आणि तेल, एवढेच मागून घेतले आणि तिथी ठरविली. आपल्या प्रत्येक कुटुंबाने असा एकच लहान नेम घ्यावा. दर शुक्ल नवमीस एक माप तेल, किंवा एक हार, किंवा पायऱ्या झाडण्याची एक सकाळ. नेम लहान असावा, पण त्यास तिथी असावी आणि तो मुलांच्या हातून व्हावा. आजीकडून कुलाचार विचारून घेऊन तो एका वहीत उतरून ठेवावा; हे काम या नवरात्रापूर्वीच करावे, पुढच्यावर टाकू नये.

घरी विचार करण्यासाठी काही प्रश्न

१. आपल्या घराण्याचे कुलदैवत कोणते, ते कोठे आहे, आणि घरातील शेवटचे माणूस तेथे केव्हा जाऊन आले?

२. ग्वालिपा ऋषींची कथा मुलांस सांगताना कथा कोणती व शिलालेखातील माहिती कोणती, हे आपण वेगळे करून सांगू शकतो काय?

३. आपल्या घटाची माळ व दिवा यांची रीत घरातील किती जणांस येते?

४. यंदाच्या दसऱ्यास सोने आणावयास घरातून कोण जाणार, आणि टेकडीवर कोणाचा हात धरून?

जगदंबा आपणां सर्वांस ही सेवा निष्ठेने करण्याची बुद्धी देवो.