मुक्कामाची गाडी

प्रस्तावना

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. तेव्हापासून 'एस.टी.' हा शब्द मराठी माणसाच्या बोलण्यात घरच्यासारखा रुळला. दिवसातली शेवटची फेरी संपवून जी बस गावातच रात्र काढते आणि पहाटे तालुक्याकडे निघते, तिला खेड्यापाड्यांत 'मुक्कामाची गाडी' म्हणतात. परीक्षेचा विद्यार्थी, दवाखान्याला निघालेला रुग्ण, भाजीची पाटी घेतलेली बाई अशा अनेकांचा दिवस या एका गाडीवर अवलंबून असतो. ती सुरूच झाली नाही तर?

प्रस्तुत पाठात जुन्या डिझेल इंजिनाचा बिघाड कसा शोधावा, याची माहिती दिली आहे. तुम्ही कोकणातील एखाद्या वाडीत राहत असा किंवा जयपूरच्या वैशाली नगरात, इंजिनाचे नियम सर्वत्र सारखेच असतात. शिवाय बिघाड शोधण्याची ही विचारपद्धती केवळ इंजिनापुरती मर्यादित नाही, हेही पाठ वाचताना तुमच्या लक्षात येईल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• डिझेल इंजिन कसे चालते, ते थोडक्यात सांगता येईल;
• लक्षणांवरून बिघाडाचे कारण शोधण्याची पद्धत स्पष्ट करता येईल;
• तात्पुरता उपाय आणि मूळ उपाय यांतील फरक सांगता येईल;
• कारण व परिणाम दर्शवणारी वाक्ये लिहिता येतील.

मूळ पाठ

१. ठिणगीशिवाय पेटणारे इंजिन

सायकलच्या चाकात जोरजोराने हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की ती तापते. निसर्गाच्या या साध्या नियमावर जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांनी आपले इंजिन उभारले. १८९७ साली ऑग्सबर्ग येथे त्यांच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली आणि पुढे इंजिनाला व इंधनालाही त्यांचेच नाव मिळाले.

पेट्रोलच्या इंजिनात इंधन पेटवण्यासाठी विजेची ठिणगी लागते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये घेतलेली हवा दट्ट्या इतकी दाबतो, की तिचे आकारमान मूळच्या सुमारे सोळा ते वीस पटींनी कमी होते. त्यामुळे हवेचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. नेमक्या त्याच क्षणी डिझेलचा बारीक फवारा आत सोडला जातो आणि तो आपोआप पेट घेतो.

म्हणजेच या इंजिनाला तीन गोष्टी हव्यात : पुरेशी हवा, पुरेसा दाब आणि योग्य वेळी योग्य प्रमाणात फवारलेले डिझेल. जयपूरच्या पौषातल्या पहाटे थंडगार पडलेले इंजिन सुरू व्हायला कुरकुर करते, त्याचेही कारण हेच. दाबलेल्या हवेची उष्णता थंड सिलिंडरच शोषून घेतो.

जुन्या इंजिनात डिझेलचा प्रवास असा होतो : टाकीतून नळीवाटे ते उचल पंपाकडे येते; तेथून फिल्टरमध्ये गाळले जाते; मग मुख्य पंप त्याला प्रचंड दाब देतो आणि शेवटी नोझलमधून ते सिलिंडरमध्ये फवारले जाते. हा मार्ग ध्यानात ठेवा. पुढील प्रसंगात तोच उपयोगी पडणार आहे.

२. पहाटेचा प्रसंग

अशी कल्पना करा, की डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात पहाटेचे पावणेसहा वाजले आहेत. मुक्कामाच्या जुन्या बसमध्ये तीस-पस्तीस उतारू बसले आहेत. चालकाने स्टार्टर दिला. इंजिन भराभर फिरले, पण सुरू झाले नाही. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच.

"बॅटरी उतरली असणार. चला रे, धक्का मारू!" एक तरुण उठत म्हणाला.

"बस खाली," चालक शांतपणे म्हणाले. "बॅटरी उतरली असती तर इंजिन असं गरागरा फिरलं असतं का? जे ठीक आहे त्याला धक्का मारून काय उपयोग?"

पुढच्या बाकावरच्या आजींनी विचारले, "बाबा, दहाच्या आत दवाखान्यात पोचेन ना रे? आज डोळ्याचं ऑपरेशन आहे."

"बघतो आजी. पाच मिनिटं द्या मला."

त्यांनी तरुण वाहकाला हाक मारली. "अरे, मागं जाऊन उभा राहा. मी स्टार्टर देतो. धूर येतो का, तेवढं सांग."

स्टार्टर पुन्हा फिरला. मागून आवाज आला, "काका, धूर अजिबात नाही!"

चालकांनी मान डोलावली. धूर आला असता, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते पण पेटत नाही, असे ठरले असते. मुळात धूरच नाही, याचा अर्थ डिझेल पोहोचतच नाही. एका साध्या प्रश्नाने निम्मी शक्यता बाद झाली.

टाकीत काठी बुडवून पाहिली. डिझेल थोडे होते, पण होते. आता फिल्टर. त्यावरचा हवा काढण्याचा छोटा स्क्रू त्यांनी थोडा सैल केला आणि उचल पंपावरचा हातपंप दाबू लागले. डिझेल आले, पण फेसाळलेले. बुडबुडे, नुसते बुडबुडे.

"गाडीनं हवा घेतलीय," ते म्हणाले.

हवा दाबली जाते. डिझेल जवळजवळ दाबले जात नाही. नळीत हवा शिरली की पंपाचा सारा जोर ती हवा दाबण्यात खर्च होतो आणि नोझल उघडतच नाही. चालक हातपंप मारत राहिले. बुडबुडे संपून डिझेलची सलग धार येताच त्यांनी स्क्रू घट्ट केला. पुढच्या खेपेला इंजिन खोकले, थरथरले आणि सुरू झाले. उतारूंनी सुटकेचा निःश्वास सोडला.

चालक मात्र जागेवर बसले नाहीत.

"काका, निघू या की आता. सहा वाजून गेले," वाहक म्हणाला.

"हवा काढली रे, पण ती शिरली कुठून? परवाही पहाटे असंच झालं होतं. काल टाकी उतरल्यावर गाडी चढावर अडखळत होती. टाकी भरलेली असताना मात्र कधी तक्रार नाही. मध्येच घाटात बंद पडली, तर आजींना काय सांगशील?"

टाकी भरलेली असताना डिझेल वर ओढायला कमी जोर लागतो. पातळी खाली गेली की ओढ वाढते आणि नळीला बारीकशी चीर असली, तरी तिच्यातून हवा आत खेचली जाते. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा शिरते आणि नळीतले डिझेल मागे टाकीत उतरते. अशा चिरेतून बाहेर डिझेल गळतेच असे नाही. म्हणून जमीन कोरडी राहते आणि बिघाड लपून बसतो.

चालकांनी इंजिन बंद करून टाकीपासून पंपापर्यंतची नळी बोटांनी चाचपली. जोडाजवळ रबरी नळीच्या टोकाला केसाएवढी चीर हाताला लागली. त्यांनी तेवढे टोक कापले, नळी पुन्हा घट्ट बसवली, क्लिप आवळली आणि हवा परत काढली. साडेसहाला गाडी निघाली. निघण्यापूर्वी त्यांनी बिघाडाच्या वहीत लिहिले : 'टाकीकडील रबरी नळीस चीर. टोक कापून बसवली. आगारात नवी नळी घालावी.' उद्या ही गाडी दुसरा कोणी चालवणार होता.

३. धूर आणि आवाज काय सांगतात?

अनुभवी कारागीर इंजिन उघडण्याआधी त्याचा धूर पाहतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. हवेचा फिल्टर तुंबला असेल, नोझल नीट फवारत नसेल किंवा गाडीवर बोजा जास्त असेल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. दट्ट्याच्या रिंगा झिजल्याची शक्यता असते. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर येतो, तो न जळलेल्या डिझेलचा असतो आणि इंजिन तापल्यावर जातो. तो गेलाच नाही आणि रेडिएटरमधले पाणीही कमी होऊ लागले, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरत असावे.

इंजिन अडखळत असेल, तर दोषी सिलिंडर ओळखण्याची एक जुनी युक्ती आहे. इंजिन मंद चालू असताना जाणकार कारागीर एकेका नोझलकडे जाणारी नळी क्षणभर सैल करतो. आवाज बदलला, तर तो सिलिंडर काम करत होता. आवाज बदललाच नाही, तर तो आधीपासूनच गप्प आहे!

सावधान! नोझलमधून उडणारा डिझेलचा फवारा कातडी भेदून शरीरात शिरू शकतो. त्यासमोर हात कधीही धरू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. ही कामे प्रशिक्षित व्यक्तीनेच करावीत.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा ही प्रदूषण-मानके लागू झाली. नव्या डिझेल गाड्यांत फवारणीवर संगणकाचे नियंत्रण असते आणि पुष्कळसे बिघाड यंत्राच्या पडद्यावर दिसतात. १ जून २०२२ रोजी तर पुणे–अहमदनगर या त्याच पहिल्या मार्गावर 'शिवाई' ही विजेवरची बस धावू लागली. साधने बदलली, पण लक्षण पाहणे, शक्यता एकेक करून बाद करणे आणि मुळापर्यंत जाणे ही रीत बदललेली नाही.

पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
१. डिझेल इंजिनात इंधन पेटते, कारण –
(अ) ठिणगी पडते (आ) दाबामुळे हवा तापते (इ) सिलिंडर थंड असतो
२. धूर अजिबात न आल्याने चालकांनी कोणता निष्कर्ष काढला?
(अ) बॅटरी उतरली (आ) रिंगा झिजल्या (इ) डिझेल पोहोचत नाही
३. निळसर धूर कशाचा निदर्शक आहे?
(अ) इंजिन ऑइल जळण्याचा (आ) हवा कमी असण्याचा (इ) टाकी रिकामी असण्याचा

भाषाभ्यास

(१) पुढील वाक्ये पाहा.
• जर धूर आला, तर डिझेल पोहोचत आहे.
• जमीन कोरडी राहते, म्हणून बिघाड लपून बसतो.
• इंजिन सुरू झाले नाही, कारण नळीत हवा शिरली होती.
'जर–तर' हे संकेतबोधक, 'म्हणून' हे परिणामबोधक आणि 'कारण' हे कारणबोधक उभयान्वयी अव्यय आहे. शेवटच्या वाक्याची रचना 'म्हणून' वापरून बदला.

(२) 'आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी' ही म्हण आपण उपाय भलत्याच ठिकाणी केला जातो तेव्हा वापरतो. पाठातील कोणत्या पात्राच्या सूचनेला ही म्हण लागू पडते?

(३) 'पाणी मुरणे' या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.

तुम्ही काय शिकलात?

• डिझेल इंजिनाला हवा, दाब आणि फवारलेले इंधन या तीन गोष्टी आवश्यक असतात.
• योग्य प्रश्न विचारल्यास बिघाडाच्या अनेक शक्यता लवकर बाद होतात.
• गाडी सुरू होणे म्हणजे बिघाड दूर होणे नव्हे.
• केलेल्या कामाची नोंद ठेवणे ही पुढच्या माणसाविषयीची जबाबदारी आहे.

पाठान्त प्रश्न

१. नळीतील चिरेतून डिझेल न गळताही हवा आत का शिरते, ते स्पष्ट करा.
२. इंजिन सुरू झाल्यावरही चालक लगेच का निघाले नाहीत? त्यांचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? सकारण लिहा.
३. तुमच्या घरातील वा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या वस्तूचा बिघाड तुम्ही कसा शोधला, ते दहा-बारा ओळींत लिहा.

उत्तरे

पाठगत प्रश्न : १. (आ) २. (इ) ३. (अ)
भाषाभ्यास : (१) नळीत हवा शिरली होती, म्हणून इंजिन सुरू झाले नाही. (२) धक्का मारण्याची सूचना करणाऱ्या तरुणाच्या. (३) पाणी मुरणे – आत काहीतरी गुप्त दोष किंवा कपट असणे. हिशेब जुळेना, तेव्हा कुठेतरी पाणी मुरते आहे हे सर्वांनी ओळखले.