डिझेलच्या धुराचे वजन
(इयत्ता सातवी : सामान्य विज्ञान व गणित यांचा संयुक्त पाठ)

लासलगाव, पिंपळगाव बसवंत येथून कांदा भरून निघालेल्या मालमोटारी नाशिकवरून मुंबईकडे जाताना आपल्या जिल्ह्यातील मुले नित्य पाहतात. त्यांच्या नजरेत भरतो तो काळा धूर. परंतु काळा धूर म्हणजे न जळालेल्या कार्बनचे कण होत. कार्बन डायऑक्साइड वायूला रंग नाही, वासही नाही. जो दिसत नाही तो मोजावा कसा, हा या पाठाचा विषय आहे.

पूर्वी हा पाठ घेताना प्रस्तुत लेखकाने फळ्यावर लिहिले होते : ‘१ लिटर डिझेल जळाल्यास सुमारे २.६ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो.’ एका विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, लिटरभर डिझेल एक किलोसुद्धा भरत नाही, मग वायू अडीच किलोंहून अधिक कसा?” ‘पुस्तकात तसे दिले आहे’ एवढे सांगून पाठ पुढे रेटला गेला. मुलाचा प्रश्न बिनचूक होता. चुकले ते गुरुजींचे उत्तर. म्हणून शिक्षकबंधुभगिनींनी हा आकडा आरंभी सांगू नये. तो मुलांकडून काढवून घ्यावा.

पूर्वतयारी. चुन्याच्या निवळीत नळीने हळूच फुंकर घालून दाखवावी. निवळी दुधाळ होते. यावरून वायूचे अस्तित्व कळते, परिमाण कळत नाही.

विषयप्रतिपादन. जळण्याने कार्बन नाहीसा होत नाही. तो रूप बदलतो. म्हणून प्रत्येक मोटारीच्या नळीपाशी तराजू नेण्याचे कारण नाही. किती डिझेल जळाले हे कळले, की किती कार्बन हवेत गेला हे कळते. निरनिराळे देश वाहतुकीच्या इंधनाचा हिशेब मुख्यतः याच तत्त्वावर मांडतात. फळ्यावर पुढील पायऱ्या लिहाव्यात :

१. १ लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम.
२. त्यात कार्बन सुमारे ८६ टक्के, म्हणजे ७१४ ग्रॅम.
३. १२ ग्रॅम कार्बन हवेतील ३२ ग्रॅम प्राणवायूशी संयोग पावून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो.
४. ७१४ × ४४ ÷ १२ = २६१८ ग्रॅम.

वाढलेले वजन हवेतील प्राणवायूचे आहे. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हेच. डिझेलच्या घटकांनुसार आकड्यात किंचित फरक पडतो. म्हणून ‘सुमारे’ हा शब्द वगळू नये.

उदाहरण. समजा, १६ टन कांदा २२० किलोमीटर दूर न्यावयाचा आहे. भरलेली मोटार लिटरला ४ किलोमीटर जाते असे धरू. डिझेल ५५ लिटर. वायू १४३ किलोग्रॅम. बहुतेक मुले येथेच थांबतात. मोटार रिकामी परतली तर? परतीच्या वाटेवर कसारा घाट चढावयाचा आहे. लिटरला साडेपाच किलोमीटर धरल्यास आणखी ४० लिटर. वायू १०४ किलोग्रॅम. एकूण २४७ किलोग्रॅम, म्हणजे किलोभर कांद्यामागे सुमारे १५ ग्रॅम. परतीचा माल मिळाला, तर हा भार दोन मालांत वाटला जातो.

दक्षता. काळा धूर घटला म्हणजे कार्बन डायऑक्साइड घटला, असा समज होऊ देऊ नये. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा या मानकांमुळे नव्या वाहनांतील काजळी व काही विषारी वायू कमी झाले. तथापि लिटरभर डिझेलमधील कार्बन जवळजवळ तेवढाच राहिला. मुलांना चालू मोटारीच्या धुराजवळ नेऊ नये आणि वर्गात डिझेल आणू नये.

समारोप. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे या वायूची नियमित मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आता तो ४२० भागांहून अधिक आहे. या वाढीने पृथ्वीचे तापमान वाढते. त्या वाढीत आपल्या रस्त्यावरील प्रत्येक लिटरचा वाटा आहे.

स्वाध्याय. गावातील ट्रॅक्टर अथवा मालमोटार चालविणाऱ्या गृहस्थांस एका फेरीचे अंतर, माल व लागलेले डिझेल विचारून मुलांनी वरीलप्रमाणे हिशेब करावा. परतीची फेरी विसरू नये.