जुनें रुपें आणि मीना

खानदेशांतील जुन्या घराण्यांच्या देवघरांत किंवा फडताळांत रुप्याची एखादी वाटी, पेला अथवा गुलाबदाणी बहुधा आढळते. तिच्यावर कोणा पूर्वजाचें नांवहि कोरलेलें असतें. अशा वस्तूंचा संग्रह कसा करावा, याचा थोडा विचार करूं.

प्रथम धातु. शुद्ध रुपें मऊ असतें, म्हणून त्यांत थोडें तांबें मिसळतात. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा रुपया एक तोळा वजनाचा असून त्याच्या बारा भागांपैकीं अकरा भाग शुद्ध रुपें असे. १९४० मध्यें हें प्रमाण निम्म्यावर आलें आणि १९४७ मध्यें रुपया निकलचा झाला. यास्तव जुने रुपये आटवून घडविलेल्या भांड्याचा कस चांगला उतरतो.

दुसरा मीना. मीना म्हणजे रंगीत कांचेची पूड होय. कोबाल्टानें तिला निळा रंग येतो. ही पूड रुप्यावर बसवून भट्टींत सुमारें ७५० ते ८०० अंशांवर वितळवितात. शुद्ध रुपें ९६१ अंशांवर वितळतें. तांबें मिसळलेलें त्याहून लवकर. कारागिराच्या कौशल्याची कसोटी येथेंच लागते. आपल्याकडे जयपुरचें मीनाकाम प्रसिद्ध आहे. दूर कोरियांत या कलेस ‘चिलबो’, म्हणजे सात रत्नें, असें म्हणतात. मीना चढविलेले रुप्याचे चमचे व जेवणाच्या काड्या तेथें विवाहप्रसंगीं भेट देतात. विषाचा स्पर्श होतांच रुपें काळें पडतें अशी तिकडे जुनी समजूत आहे. वस्तुतः तो काळेपणा गंधकाचा असतो. उकडलेल्या अंड्यानेंहि तो येतो.

म्हणून काळवंडलेलें भांडें पाहून घाबरूं नये आणि तें चिंच व राख लावून घांसूंहि नये. आंबटानें मीना निस्तेज होतो व राखेनें कोरीव अक्षरें झिजतात. मऊ फडकें पुरे.

जळगांवच्या सराफ बाजारांत काय किंवा अन्यत्र काय, भांडें मोडींत घातलें कीं रुप्याचें तेवढें मोल मिळतें. मीना, घडणावळ आणि तें कोरलेलें नांव मुशींत नाहींसें होतें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें मिळविलीं. १९२६ च्या अखेरीस धुळ्यास त्यांचा अंत झाला व १९२७ मध्यें तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ स्थापन झालें. त्यांनीं कागद राखले. आपण निदान घरचें भांडें राखूं या. वडील मंडळींस विचारून तें कोणाचें, कोठून व केव्हां आलें, हें वहींत टिपून ठेवावें. सांगणारें माणूस गेल्यावर वाटी उरते, पण तिची हकीकत उरत नाहीं.