आधी पाणी बघ

गळ्यात गाईडचं ओळखपत्र आलं, आता पाहुणे तुला ताई म्हणतील. चापडगावच्या मनोऱ्यावरून पक्ष्यांची नावं तू माझ्यापेक्षा भराभर सांगतेस, ते मी ऐकलंय. त्यामुळे नावांचं काही शिकवत नाही पोरी. त्याच्या आधीचं सांगतो.

सकाळी आलीस की आधी पाणी बघायचं. ठाण्याच्या खाडीत ऐरोलीहून रोहित दाखवायला बोट सुटते ती भरतीच्या वेळा बघून. आपल्याकडे भरती कुठली! पण नांदूरमध्यमेश्वरचं पाणीही एका पातळीला राहत नाही. वरून गंगापूर-दारणा धरणांचं पाणी आलं की बंधारा फुगतो, कालव्यांना आवर्तन गेलं की उतरतो. पाणी जातं कोपरगाव-राहात्याच्या शेतांना, आपल्या वाट्याला येतो काठचा चिखल. त्या ताज्या चिखलावर तुतारी, चिखले, शराटी गर्दी करतात. पाणी चढलं की हीच मंडळी उठून दुसरीकडे जातात आणि तिथे बदकं पोहायला लागतात. कालच्या गटाला चमचे जिथे दाखवलेस तिथेच आजच्यांना घेऊन गेलीस आणि रात्रीत पाणी वीतभर चढलं असलं, तर नुसतं पाणी दाखवून परत यावं लागेल. काठावरचा एखादा दगड खुणेला धर. तो बुडालाय की उघडा आहे, यावर ठरव कुठे न्यायचं ते. पाटबंधाऱ्याच्या माणसांशीही बोलणं ठेव, आवर्तनाची तारीख त्यांना आधी कळते.

पाहुणे विचारतातच, इथेच एवढे पक्षी का? सांगावं, की इंग्रजांनी बंधारा घातला सिंचनासाठी, गोदावरी आणि कादवेने त्यात गाळ आणून ओतला. साठवण घटली, उथळ पाणी आणि बेटं झाली, पक्ष्यांचं फावलं. १९८६ ला अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. एवढं बोलून थांबायचं. काही गाईड अर्धा तास भाषण ठोकतात आणि तेवढ्यात ऊन चढतं.

निफाडची थंडी पेपरात छापून येते, पण मुंबईचे लोक तरी पातळ जाकिटातच येतात. उजाडताना धुकं बसलेलं असलं तर घाई करू नकोस, त्यांना ऐकायला लाव. अडईची शिट्टी, चक्रवाकाचा नाकातला सूर. धुकं उठेपर्यंत थंडी विसरतात. ऊन आलं की ते पाठीशी राहील असं उभं कर, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतात.

वारकरी पक्षी पाण्यावर विखुरलेले असतात. ते अचानक एकमेकांना खेटून गोळा व्हायला लागले की पक्ष्यांकडे नको, वर बघ. दलदली भोवत्या आलेला असतो, पंख जरा उंच धरून, गवताला घासत. मागोमाग अख्खा थवा उठतो. पाहुणे हळहळतील, त्यांना तिथेच थांबव. भोवत्या पुढे सरकला की बरेचसे पक्षी परत उतरतात. पण उठवणारा आपलाच माणूस असेल, काठापर्यंत चालत गेलेला फोटोवाला, तर तिथल्या तिथे टोकायचं. मोठा लेन्स बघून दबायचं नाही.

मासे आपल्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या धरले, त्याचा उपयोग इथेही होतो. पाणकावळे एका रांगेत बुड्या मारत पुढे सरकताना दिसले की खाली माशांचा थवा आहे समज, कैकर तिथे आलाच तर येईल. त्याने मासा उचलला की पाहुण्यांना पाय बघायला सांग: माशाचं तोंड पुढे करून धरतो, वारा कापत जातो. हे एकदा दिसलं की माणूस पुढच्या वर्षी चार जण घेऊन येतो. कुणी गळ टाकायला मिळेल का विचारलं, तर अभयारण्यात नाही, एवढंच. जास्त पैसे देतो म्हणाला तरी नाही.

क्रौंच दिसला की कुणीतरी सारस म्हणून ओरडतंच. सारसाचं डोकं आणि मानेचा वरचा भाग लाल असतो, आणि आपल्या राज्यात तो बघायचा तर गोंदिया गाठावं लागतं. पाहुणे खूश होतात म्हणून हो म्हणू नकोस. घरी जाऊन पुस्तक उघडणारे असतात.

संध्याकाळी उसाच्या कडेने एकट्याला सोडायचं नाही, बिबट्याचा मुलूख आहे हा. लघवीला जायचं असलं तरी गाडीपाशी.

आणि गाडी नाशिककडे निघाली की वही काढ. तारीख, वेळ, खुणेचा दगड किती उघडा, मग पक्षी. मोठा थवा एकेक मोजत बसू नकोस: दहा नीट मोज, ते केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत धर, आणि तेवढ्या जागा थव्यात किती बसतात ते बघ. वनखात्याच्या मोजणीला बसशील तेव्हा ही सवय लागते. माझ्या वह्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहेत, उंदरांनी खायच्या आत घेऊन जा.